ब्लेडला शिव्या देण्याआधी

कॉफी फेटता येते ना तुम्हाला? लॉकडाऊनमध्ये ‘डालगोना’ या नावानं अख्ख्या देशानं फेटली ती, किंवा त्याच्या कितीतरी आधीपासून हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये रात्री अकरानंतर स्टीलच्या मगात चमचा खडखडवत फेटली जाते ती. कॉफी, साखर आणि पाण्याचे मोजून काही थेंब. घाईत पाणी जास्त पडलं की खेळ खल्लास, मग कितीही ढवळा, नुसतं कॉफीचं पाणी. पण थेंबाथेंबानं पाणी घालत हात चालू ठेवला की तो काळपट चिखल हळूहळू फिका होतो, जाड होतो, त्यावर चकाकी येते. हे ज्याला जमतं त्याला दाढीचा फेस जमायला आठवडाभर पुरे. गंमत अशी, की कॉफीसाठी दहा मिनिटं मनगट दुखवून घेणारा हाच मुलगा सकाळी दहा सेकंदांत तोंडाला काहीतरी पांढरं फासतो आणि थेट रेझर ओढायला लागतो.

आणि मग मान लाल.

दाढी राखायचे दिवस आहेत, गुळगुळीत दाढी करतंय कोण, असं म्हणाल. खरंय, विराट कोहलीकडे बघत मोठी झालेली पिढी आहे ही. पण जरा आपल्याच कॉलेजात नजर फिरवा. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना प्रॅक्टिकलच्या आधी हनुवटी दाखवावी लागते. एनसीसीच्या परेडला खुंट दिसले तर काय होतं ते कॅडेटलाच विचारा. मर्चंट नेव्हीची अकादमी, पोलीस भरतीनंतरचं ट्रेनिंग, नाहीतर उद्यावर आलेला कॅम्पस इंटरव्ह्यू. या सगळ्यांना दाढी ‘ठेवू की नको’ हा प्रश्नच नसतो. ती रोज करायची असते. आणि रोज करणाऱ्यांच्या गळ्याकडे बघितलं तर हमखास दिसतात बारीक पुटकुळ्या, मधेच एखादा केसतोड, कॉलर घासून आणखी लाल झालेली कातडी. घामाचा थेंब ओघळला की चुरचुर.

यावर आपला पहिला उपाय काय? ब्लेडला शिव्या. दोन पात्यांचा रेझर टाकून तीनचा आणतो, तीनचा टाकून पाचचा. पॉकेटमनीचा बळी जातो, गळा तसाच राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की पात्यांची संख्या वाढवण्याआधी एकदा फेसाकडे बघा. फेस बरा झाला की बऱ्याचदा तेच साधं ब्लेड अचानक शहाण्यासारखं वागायला लागतं.

(आणि मुलींनो, पान उलटू नका. पायांना किंवा काखेत रेझर वापरत असाल तर यातला नव्वद टक्के मजकूर तुमच्यासाठीही आहे. कातडी गालाची असो की पोटरीची, तिला कोरडं ब्लेड सारखंच बोचतं.)

आधी फेस कशासाठी असतो ते समजून घेऊ, कारण इथंच बहुतेकांचा गैरसमज आहे. फेस म्हणजे गालावरची उशी, जितका फुगीर तितका चांगला, असं आपण जाहिराती बघून धरून चाललेलो असतो. फेसाचं खरं काम पाणी धरून ठेवणं हे आहे. केस केराटिनचा बनलेला असतो आणि कोरडा असताना भलता चिवट असतो. पाणी प्यायला की तो थोडा फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर बराच कमी लागतो. पण हे लगेच होत नाही. दोन-तीन मिनिटं जातात. शिवाय केसांवर आणि कातडीवर तेलकटपणा असतो, तो साबणानं सुटा झाल्याशिवाय पाणी नीट भिडत नाही. नुसतं तोंडावर पाणी मारलं तर ते ओघळून जातं, नाहीतर वाळतं. ते तिथंच, केसाच्या बुडाशी, दाढी संपेपर्यंत थांबावं म्हणून फेस. वर त्याच फेसात साबणाचा बुळबुळीतपणा असतो, त्यावरून पातं घसरतं. म्हणजे ओलावा आणि घसरण. हवा ही त्यातली सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट.

केस इतका मऊ, तो पोलादाचं काय बिघडवणार, असं वाटत असेल तर एक संशोधन सांगतो. एमआयटीतल्या (पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या) संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते मांडलं. त्यांच्यातला एक जण स्वतःची दाढी करायचा आणि ते ब्लेड नेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा जवळपास पन्नास पटींनी मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडालेले दिसले. केस पात्यासमोर सरळ उभा असेल तर सहसा टवका उडत नव्हता. तो वाकायला मोकळा असेल तर उडण्याची शक्यता वाढत होती. तेव्हा ‘एवढासा तर खुंट’ म्हणून त्याला हिणवू नका.

आता डब्यातून फुस्सकन येणाऱ्या फोमबद्दल. डब्यात ब्यूटेन, प्रोपेन असले वायू दाबून भरलेले असतात, बाहेर येताच ते फुलतात आणि तळहातावर ढग उभा राहतो. दिसायला देखणा, पण त्या ढगात पाणी कमी आणि वायूच जास्त. तो गालावर टेकवला जातो, चोळला जात नाही, आणि लगेच रेझर सुरू. केसाला भिजायला वेळच मिळत नाही. फोम वापरू नका असं मी म्हणणार नाही. पावणेनऊची लोकल असेल तर माणूस काय करणार! पण मग तोंड आधी भरपूर ओलं करा, फोम बोटांनी खुंटांत चोळा आणि तो लावून दात घासून घ्या. तेवढ्या दोन मिनिटांत त्याच फोमनं बरी दाढी होते.

अंगाचा साबण किंवा शाम्पू हा हॉस्टेलचा लाडका जुगाड. त्याला फेस खूप येतो, पण तो टिकत नाही. उजवा गाल होईपर्यंत डावा वाळलेला असतो. दाढीच्या क्रीमची ट्यूब उलटी करून घटक वाचा. स्टिअरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही नावं बहुधा वरच्या ओळींतच सापडतील. अंगाच्या साबणाच्या वड्या सहसा सोडियमच्या अल्कलीनं बनतात, म्हणून त्या टणक होतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. स्टिअरिक अ‍ॅसिडमुळे फेस बारीक कणांचा आणि टिकाऊ होतो. खोबरेलातून येणारी आम्लं तो लवकर उठवतात. या दोघांची जुळवाजुळव म्हणजे दाढीचं क्रीम. बारावीच्या केमिस्ट्रीचा इतका रोजचा उपयोग दुसरीकडे कुठं होत असेल असं वाटत नाही.

सामान फार लागत नाही. क्रीमची ट्यूब, ब्रश आणि एक वाटी. ब्रश डुकराच्या राठ केसांचा असेल तर तो दाढीआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर तो टोचतो आणि क्रीममधलं पाणी स्वतःच पिऊन टाकतो. सिंथेटिक धाग्यांचा असेल तर ओला केला की झाला. हॉस्टेलसाठी मी सिंथेटिकच सुचवीन. तो लवकर वाळतो आणि नव्या राठ ब्रशाला पहिले काही दिवस जो वास येतो, तो याला येत नाही.

दाढी अंघोळीनंतर करा. हा एक बदल पुष्कळ फरक पाडतो, कारण भिजवण्याचं अर्धं काम शॉवरखाली किंवा बादलीच्या तांब्यानं फुकटात झालेलं असतं. ते शक्य नसेल तर कढत पाण्यात पिळलेला पंचा मिनिटभर गालांवर धरा. कातडीला सोसेल इतकाच गरम, चटका नको. चेहरा पुसू नका, ओलाच ठेवा.

ब्रश पाण्यातून काढून दोनदा झटका. पाणी गळायला नको, पण तो कोरडाही नको. वाटीत एका बदामाएवढं क्रीम घ्या. ब्रशची टोकं त्यावर टेकवून गोल फिरवायला लागा. दाबू नका, ब्रशचे केस बुडापासून फाकले म्हणजे जोर जास्त होतोय. पहिलं अर्धं-एक मिनिट काही विशेष घडत नाही. क्रीम चिकट होतं, ब्रश जड जातो, वाटीच्या कडेला जाडसर थर बसतो. घरी श्रीखंड करताना पंचातून सोडलेला चक्का आठवा, तसं. या टप्प्यावर हा फेस गालावर लावलात तर तो पाच मिनिटांत पापडासारखा वाळेल.

आता ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवा. दोन-चार थेंब येतील तेवढेच, आणि परत गोल फिरवा. फेस वाढतो, पांढरा होतो, त्यात मोठमोठे बुडबुडे दिसतात. हा सगळ्यांत फसवा टप्पा. वाटी भरलेली दिसते, मन खूश होतं आणि निम्मी मंडळी इथंच थांबतात. थांबू नका. पुन्हा काही थेंब, पुन्हा ब्रश. असं तीन ते पाच वेळा. हळूहळू बुडबुडे दिसेनासे होतात, ब्रशचा आवाज बदलतो, खरखर जाऊन मऊ सपसप येते, आणि फेसावर एक ओली चकाकी चढते. ब्रश वर उचलला की शेंडा उभा राहतो आणि मग किंचित वाकतो. साईचं दही असतं ना, तसा. चक्का नको, ताक नको, साईचं दही हवं.

ताक झालंच तर ओतून देऊ नका. थोडंसं क्रीम घालून परत फिरवा, सावरतं. कॉफीपेक्षा हा फेस बराच क्षमाशील आहे.

तो झालाय की नाही हे कळायला डोळ्यांपेक्षा बोटं भरवशाची. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. बोटं एकमेकांवरून सटासट सुटली पाहिजेत. चिकटत किंवा अडखळत असतील तर पाणी कमी आहे. गालावर लावल्यावर मिनिटाभरात कडेनं मॅट दिसायला लागला, तरी पाणीच कमी. गळ्यावरून ओघळून बनियनवर आला तर जास्त. बहुतेकांचा कल कोरड्या बाजूला असतो, कारण घट्ट फेस ‘भारी’ दिसतो. संशय आला की आणखी दोन थेंब घाला.

हे शिकायला सोमवारची सकाळ निवडू नका. रविवारी संध्याकाळी, दाढी करायचीच नाही असं ठरवून, नुसता फेस करा. मुद्दाम पाणी घालत घालत तो ताकापर्यंत न्या, म्हणजे उत्तम टप्पा कुठं येऊन गेला ते हाताला कळतं. रूममेट हसेल, हसू दे. बदामाएवढ्या क्रीमपलीकडे खर्च नाही.

वाटी नको असेल तर क्रीम सरळ ब्रशच्या टोकांवर घेऊन गालावरच फेस करता येतो. पाण्याचा नियम तोच. उलट यात ब्रश खुंटांत जास्त वेळ फिरतो, केस उभे राहतात, तेलकटपणा निघतो. मला स्वतःला हीच पद्धत आवडते, पण मानेवर पुरळ असेल तर ती टाळा. आधीच चिडलेल्या कातडीला आणखी घासू नये.

इतकं सगळं नीट करूनही फेस येत नसेल तर गुन्हेगार नळात आहे. शाळेत ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी शिकलो होतो, आठवतंय? मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. पण शब्द बघा किती सरळ आहे: फेन म्हणजे फेस, ज्याला फेस यायची मारामार ते दुष्फेन. आजी त्यालाच ‘जड पाणी’ म्हणते आणि त्यात तुरीची डाळ शिजत नाही अशी तक्रार करते. बोअरवेलचं पाणी पुष्कळदा असं असतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जमतो तोच. फेसात जायचा साबण असा साक्यात जातो. बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या हॉस्टेलांत राहणाऱ्यांनी म्हणून क्रीम थोडं जास्त घ्यावं आणि फेसापुरतं पाणी आरओच्या फिल्टरचं वापरावं. अर्धा पेला पुरतो. फिल्टर नसेल तर उकळून निवलेलं पाणी घ्या. तात्पुरता दुष्फेनपणा उकळल्यानं जातो, हेही त्याच धड्यात होतं. बाकी तोंड धुवायला नळाचं पाणी चालेल.

फुकट क्लास हवा असेल तर कोपऱ्यावरच्या जुन्या सलूनमध्ये जाऊन बसा आणि मोबाइल खिशात ठेवा. जिथं अजून ब्रशनं दाढी करतात असं सलून शोधा. काका ब्रश किती वेळ फिरवतात ते बघा. गिऱ्हाइकाशी गावच्या निवडणुकीवर बोलत बोलत त्यांचा हात चालूच असतो. मधेच पाण्याचा फवारा, पुन्हा ब्रश. वस्तरा शेवटी येतो आणि त्याचं काम लवकर उरकतं. ते ब्लेडचं पाकीट फोडून ब्लेड मधोमध मोडतात आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतात, तेही नजरेसमोर होतंय ना ते पाहा. वापरलेल्या ब्लेडवरून रक्तातून पसरणारे आजार, हेपॅटायटिस बी आणि सी, पसरू शकतात. म्हणूनच हॉस्टेलात चार्जर, चप्पल, असाइनमेंट काहीही एकमेकांचं वापरा. रेझर मात्र आपला आपला.

ब्रशचीही एक कहाणी आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना गुळगुळीत दाढी ठेवावी लागे, कारण गॅस मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. ब्रशांची मागणी वाढली, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा पुरवठा युद्धानं विस्कळीत झाला आणि घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले. त्यातले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स झाला. दाढी करताना पडलेल्या बारीकशा जखमेतून! आज कारखान्यातल्या ब्रशाबद्दल अशी धास्ती बाळगायचं कारण नाही, पण ओला ब्रश बंद पाऊचमध्ये कोंबून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. धुवा, झटका, मोकळ्या हवेत वाळू द्या.

रेझरबद्दल थोडक्यात, कारण फेस जमला की इथं सांगण्यासारखं कमीच उरतं. किंग जिलेटला पातळ, बदलता येणाऱ्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये, आणि बाबांच्या कपाटात पडलेला तो जड धातूचा रेझर आजही त्याच कल्पनेवर चालतो. टपरीवरच्या एक-दोन चहांच्या पैशांत त्याच्या ब्लेडचं पाकीट येतं. तो उचललात तर जोर लावू नका, त्याचं वजनच पुरेसं आहे. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरा आणि लहान लहान हात मारा. कोरड्या गालावर आधी बोटं फिरवून केस कुठल्या दिशेनं वाढतात ते पाहून ठेवा. गळ्यावर ते बऱ्याच जणांचे आडवे किंवा चक्क खालून वर असतात, आणि पुरळ तिथंच येतं. आधी केसांच्या दिशेनं, म्हणजे सुलटा हात. आणखी गुळगुळीत हवं असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात. वाटीत फेस उरलेला असतोच, तो त्यासाठीच. फेस नसलेल्या जागेवरून ‘फक्त एकदा’ म्हणून पातं फिरवणं बंद. उलटी दाढी मानेवर तरी नकोच. नंतर गार पाणी, आणि बारीक कापलं असेल तर ओली तुरटी. आफ्टरशेव्हची आग म्हणजे दाढी चांगली झाल्याची पावती नव्हे.

एक गोष्ट फेसाच्या आवाक्याबाहेरची आहे. काहींचे केस मुळातच कुरळे असतात, ते कापल्यावर वळून परत कातडीत शिरतात आणि तिथं गाठी, पू, काळे डाग होतात. फेस सुधारून, फक्त सुलटा हात मारूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. काही दिवस दाढीच न करणं हा त्यावरचा नेहमीचा सल्ला असतो. परेड किंवा ग्रूमिंगची सक्ती असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या, लाजायचं काही नाही. रोज कापून त्यावर पावडर थापण्यापेक्षा ते बरं.

आणि वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पुण्यात ‘स्वच्छ’च्या ताई घरोघरचा कचरा हातांनी वेगळा करतात, इतर शहरांतही कुणाचा ना कुणाचा हात त्या पिशवीत जातोच. पत्र्याचा एखादा जुना डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटवून टाका आणि वरती मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा. आठवड्याला एक-दोन ब्लेडं पडली तरी तो भरेपर्यंत तुमची डिग्री होऊन जाईल.